मुकुट जमिनीवर, राज्य दोन वाट्यांत: ईडविगच्या चार वर्षांचे प्रकरण

९५६ साल नुकतेच उजाडले होते. टेम्सकाठच्या किंग्स्टन गावी कँटरबरीचा आर्चबिशप ओडा याने इंग्लंडचा नवा राजा, पंधरा-सोळा वर्षांचा ईडविग, याला अभिषेक केला, मुकुट चढवला आणि सरदार, बिशप, मठाधिपती असे सगळे मेजवानीला बसले. थोड्या वेळाने लक्षात आले की राजाची जागा रिकामी आहे. कुणीतरी जाऊन त्याला घेऊन या, असे ओडा म्हणाला. नव्या राजाची खप्पामर्जी कोण ओढवून घेणार? बाकीचे गप्प बसले. शेवटी दोघे उठले: ग्लॅस्टनबरीचा मठाधिपती डन्स्टन आणि त्याचा नातलग, लिचफील्डचा बिशप किनेसिगे. आत जाऊन पाहतात तर सोन्या-चांदीचा, रत्ने जडवलेला मुकुट जमिनीवर कसातरी फेकलेला आणि राजा दोन बायकांच्या मध्ये लोळतोय. एक एथेलगिफू नावाची बड्या घरची बाई, दुसरी तिचीच मुलगी. डन्स्टनने दोघींना फैलावर घेतले. राजा उठेना, तेव्हा त्याला हाताला धरून ओढले, डोक्यावर मुकुट ठेवला आणि तसाच मेजवानीत आणून बसवला.

ईडविगबद्दल कुणाला एकच गोष्ट ठाऊक असेल तर ती ही असते. पुढचे सगळे मग तिच्यातूनच ओघाने आल्यासारखे सांगितले जाते: चिडलेल्या बायकांनी डन्स्टनला देशोधडीला लावले, राजाने मनमानी केली, दीड-दोन वर्षांत अर्धे राज्य धाकट्या भावाकडे गेले, चर्चने त्याचे लग्न मोडले आणि ऐन विशीच्या उंबरठ्यावर तो मेला. २३ नोव्हेंबर ९५५ ते १ ऑक्टोबर ९५९, चार वर्षेसुद्धा पुरी नाहीत.

माझे म्हणणे असे की हे प्रकरण शयनगृहातले नाही, ते जमिनीचे आणि पैशाचे आहे. घरातल्या जुन्या कारभाऱ्यांच्या हातात असलेली दौलत नव्या राजाने आपल्या माणसांकडे वळवायला घेतली आणि त्यावरून सगळे पेटले. मेजवानीची गोष्ट त्यावर नंतर चढवलेला मुलामा आहे.

गोष्ट सांगणारा कोण?

ही हकिकत डन्स्टनच्या सर्वांत जुन्या चरित्रात येते. लेखकाने स्वतःचे नाव फक्त एका अक्षराने दिले आहे, ‘बी’. हा डन्स्टनच्या वर्तुळातला पाद्री होता आणि त्याने लिहिले ते घटनेनंतर सुमारे चाळीस वर्षांनी. तोवर डन्स्टन संत ठरला होता. संताच्या चरित्रात एक दुष्ट राजा लागतोच, आणि डन्स्टनच्या बाबतीत तर तो एकटा ईडविग नव्हता. ईडविगचा काका राजा एथेलस्टन याच्या काळात डन्स्टनला दरबारातून हुसकावले गेले. ईडविगचा बाप राजा एडमंड यानेही त्याला निघून जायला सांगितले होते. मग चेडरच्या कड्यावर शिकारीत घोडा दरीत कोसळता कोसळता वाचला, तेव्हा एडमंडला उपरती झाली आणि त्याने डन्स्टनला ग्लॅस्टनबरी दिले, असे हेच चरित्र सांगते. म्हणजे तीन राजे, तीन भांडणे. डन्स्टनचे कुणाशी पटत नसे हाही निष्कर्ष त्यातून निघू शकतो, पण तो काढायची सोय ‘बी’ ठेवत नाही.

आता त्या दोघी. मुलीचे नाव एल्फगिफू. ती कुणी रखेल नव्हती, ईडविगची राणी होती. अॅबिंग्डन मठाशी झालेल्या एका जमीन-अदलाबदलीच्या कागदावर साक्षीदार म्हणून तिची नोंद ‘राजाची पत्नी’ अशी आहे आणि तिच्या आईची ‘राजाच्या पत्नीची आई’ अशी. पुढे बिशपांची नावे आहेत. कुणाला संकोच वाटल्याचे त्या कागदात कुठे दिसत नाही. विंचेस्टरच्या न्यू मिन्स्टर मठाच्या स्मरणवहीतही तिचे नाव राजा ईडविगची पत्नी म्हणून, दानशूर स्त्रियांच्या यादीत आहे. तेव्हा ‘बी’ने रंगवलेल्या चित्रातला चिखल थोडा खरवडला तर उरते ते एवढेच, की एक पोरगा कंटाळवाण्या मेजवानीतून उठून बायकोकडे आणि सासूकडे गेला. अभिषेकानंतरची मेजवानी हा राजकीय विधी असतो, सरदारांना पाठ दाखवणे हा अपमानच, हे मान्य. पण अपमान वेगळा आणि व्यभिचार वेगळा.

घरातला कारभार

ईडविगचा बाप एडमंड २६ मे ९४६ रोजी पकलचर्च येथे एका हद्दपार गुन्हेगाराच्या हातून मारला गेला. तेव्हा ईडविग सहाएक वर्षांचा आणि धाकटा एडगर दोन-तीन वर्षांचा होता. इतक्या लहान पोरांना गादीवर बसवण्याची तिथे रीत नव्हती, म्हणून काका ईड्रेड राजा झाला. ईड्रेडने लग्न केले नाही. पोटाच्या विकाराने तो इतका जर्जर होता की घास चावून फक्त रस गिळायचा आणि चोथा थुंकायचा, आणि त्याच्याबरोबर जेवणाऱ्यांची पंचाईत व्हायची, असे ‘बी’ लिहितो. असल्या अवस्थेतही त्याच्याच कारकिर्दीत उत्तरेकडचा नॉर्थम्ब्रिया कायमचा इंग्लिश मुकुटाखाली आला, हे विसरता कामा नये.

प्रत्यक्ष कारभार तीन जणांच्या हाती होता. पहिली ईड्रेडची आई, म्हणजे ईडविगची आजी ईडगिफू. दुसरा डन्स्टन. राजाच्या खजिन्याचा एक भाग त्याच्याच ग्लॅस्टनबरीत ठेवलेला असे. तिसरा पूर्वेकडचा सरदार एथेलस्टन (त्याच नावाचा राजा वेगळा), ज्याला लोक ‘अर्धा राजा’ म्हणत. लहानगा एडगर याच अर्ध्या राजाच्या घरी वाढला आणि त्याचे शिक्षण अॅबिंग्डनचा मठाधिपती एथेलवोल्डकडे झाले. म्हणजे धाकट्या भावाला जाणत्या मंडळींनी आपल्या मांडीवर घेतले होते. थोरल्याचे तसे नव्हते.

ईड्रेडचे मृत्युपत्र आज उपलब्ध आहे आणि ते वाचताना एक गोष्ट खटकते. दुष्काळ पडला किंवा परधर्मी सैन्य चालून आले तर प्रजेला सोडवण्यासाठी त्याने १,६०० पौंड बाजूला काढले. त्यातले ४०० आर्चबिशपकडे, २०० डन्स्टनकडे आणि बाकीचे दुसऱ्या बिशपांकडे सोपवायचे होते. आईला एम्सबरी, वँटेज आणि बेझिंग या मोठ्या जमिनी, शिवाय ससेक्स, सरे, केंटमधल्या त्याच्या सनदी जमिनी. ईडविगचे नाव त्यात नाही. काका गेला तेव्हा पुतण्याला गादी मिळाली, पण तिच्याबरोबरची रोकड आणि चांगल्या जमिनींचा मोठा वाटा आजी व पाद्र्यांच्या नावावर लिहिलेला होता.

पंधरा वर्षांचा मुलगा या जागी काय करील? आजीचा लाडका होऊन राहील, किंवा आजीला बाजूला सारील. ईडविगने दुसरा मार्ग धरला. आजीची मालमत्ता काढून घेतली गेली आणि डन्स्टनला देश सोडावा लागला. तो समुद्र ओलांडून फ्लँडर्सला, काउंट अर्नुल्फच्या आश्रयाने घेंट शहरातल्या सेंट पीटर मठात राहिला.

कूलिंगची जमीन

आजीची मालमत्ता काढून घेतली म्हणजे नेमके काय झाले, हे एका तुकड्यापुरते आपल्याला अगदी जवळून पाहता येते. ईडगिफूने स्वतः दिलेले निवेदन कँटरबरीच्या दप्तरात जपले गेले आहे. मला या सबंध प्रकरणात हा कागद सर्वांत मोलाचा वाटतो.

तिचा बाप सिगेहेल्म केंटचा सरदार. त्याने गोडा नावाच्या माणसाकडून ३० पौंड कर्ज काढले आणि कूलिंगची जमीन गहाण ठेवली. सात वर्षे ती गोडाकडे राहिली. मग होमच्या लढाईसाठी केंटच्या सगळ्या माणसांना बोलावणे आले. कुणाचे देणे डोक्यावर ठेवून लढाईला जायचे नाही म्हणून सिगेहेल्मने ३० पौंड फेडले, जमीन मुलीच्या नावे केली, सनद तिच्या हाती दिली आणि तो रणात पडला. गोडाने लगेच हात वर केले: पैसे मिळालेच नाहीत! वर्षानुवर्षे जमीन दाबून ठेवली. शेवटी ईडगिफूने एल्सफर्डला सर्व लोकांसमोर ३० पौंडांच्या दाव्याला पुरेल अशी शपथ घेऊन बापाचे कर्ज फिटल्याचे सिद्ध केले. तरीही ताबा मिळेना. दरम्यान ती राजा एडवर्डची, म्हणजे ईडविगच्या आजोबांची, राणी झाली आणि पारडे फिरले. राजाने गोडाला इतके धारेवर धरले की त्याची सगळी जमीन आणि सगळ्या सनदा जप्त होऊन ईडगिफूच्याच हातात आल्या. तिने जमीन परत केली, पण ऑस्टरलँड येथल्या दोन सुलुंग (केंटमधले जमिनीचे माप) सोडून. सनदा मात्र ठेवून घेतल्या. पुढे राजा एथेलस्टनच्या काळात, त्याच्या मध्यस्थीने, ऑस्टरलँडची सोडून बाकीच्या सनदा परत दिल्या आणि हा वाद कायमचा मिटला अशी गोडाकडून अकरा साथीदारांसह शपथ घेतली.

मग ईड्रेड मेला. गोडाचे मुलगे लिओफस्टन आणि लिओफ्रिक यांनी कूलिंग आणि ऑस्टरलँड दोन्ही बळकावले आणि ‘नुकत्याच निवडलेल्या ईडविग पोराला’ जाऊन सांगितले की यावर ईडगिफूपेक्षा आमचाच हक्क जास्त आहे.

नीट पाहा, या निवेदनात राजा स्वतः लुटायला येत नाही. येतात ती दुखावलेल्या घरातली माणसे. पन्नास वर्षांपूर्वीचे गहाण, राणीपदाच्या वजनाने फिरलेला निकाल, अडकवून ठेवलेल्या सनदा, हे सगळे बापाच्या तोंडून ऐकत वाढलेले दोन भाऊ. आजीची बाजू कायद्याने खरी असेलही, तिने सनदा दाबून ठेवून गोडाला कह्यात ठेवले हेही तितकेच खरे आणि तेही तिच्याच शब्दांत. असे किती गोडा तिने पन्नास वर्षांत मागे ठेवले असतील, याचा अंदाज करता येतो. नव्या राजाला पाठीराखे हवे होते. आजीवर डूख धरलेल्या लोकांइतके तयार पाठीराखे त्याला दुसरीकडे कुठे मिळणार?

सनदांचे वर्ष

९५६ या एका वर्षात ईडविगने दिलेल्या साठाहून जास्त सनदा आज शिल्लक आहेत. अँग्लो-सॅक्सन काळातल्या कुठल्याही राजाच्या कुठल्याही एका वर्षाच्या इतक्या सापडत नाहीत. हजार वर्षांत हरवलेल्या वेगळ्याच.

अशी सनद म्हणजे चर्मपत्राचा एकच तुकडा. सुरुवातीला भारदस्त लॅटिन: जग नश्वर आहे, म्हणून मी अमुक राजा माझ्या निष्ठावान अमक्याला इतके हाइड जमीन कायमची देतो. एक हाइड म्हणजे ढोबळमानाने एका कुटुंबाचे पोट चालेल एवढी जमीन. मग चतुःसीमा, आणि त्या लॅटिनमध्ये नव्हे, गावकऱ्यांच्या रोजच्या इंग्लिशमध्ये: ओढ्यापासून काटेरी झाडापर्यंत, तिथून जुन्या चराने खाली. मोडणाऱ्याला नरकाचा शाप. शेवटी साक्षीदारांची नावे, प्रत्येकापुढे एक क्रूस. जमीन मिळवणाऱ्यावर तीन गोष्टी सोडून कसलाही बोजा नाही: सैन्यात माणसे द्यायची, पूल बांधायचा, गढीची डागडुजी करायची. बाकी वसुली माफ, जमीन वाटेल त्याला देण्याची मुभा.

म्हणजे प्रत्येक सनदेबरोबर राजाच्या कोठारात येणारे धान्य कायमचे घटत होते. एडगरचा गुरू एथेलवोल्ड याने पुढे लिहिले की ईडविगने पोरपणाच्या अज्ञानाने राज्याची एकी मोडली आणि चर्चच्या जमिनी हपापलेल्या परक्यांना वाटल्या. ही खिरापत होती यात शंका नाही. ती अविचाराने वाटली का, हा प्रश्न वेगळा. याच वर्षी त्याने नेमलेले सरदार पाहा: मर्सियात, म्हणजे मध्य इंग्लंडात, एल्फहेरे, पूर्व अँग्लियात अर्ध्या राजाचा मुलगा एथेलवोल्ड, एसेक्समध्ये बिर्तनोथ. अर्धा राजा स्वतः याच सुमारास ग्लॅस्टनबरीला जाऊन संन्यासी झाला आणि त्याच्या घराला दुखावण्याऐवजी ईडविगने त्याच्या मुलालाच जागा दिली. बिर्तनोथ तर पुढे ९९१ मध्ये माल्डनला डेन लोकांशी लढताना पडला आणि इंग्लिश शौर्याचा आदर्श ठरला. उतावळ्या, बायकांच्या नादी लागलेल्या पोराची ही निवड वाटत नाही. चर्चद्वेष्टा म्हणावे, तर याच वर्षी साउथवेलची जमीन त्याने उत्तरेचा मोठा धर्माधिकारी ऑस्किटेलला दिली आणि खुद्द मठाधिपती एथेलवोल्डच्या अॅबिंग्डन मठालाही त्याच्याकडून जमिनी मिळाल्या. घेताना तक्रार नव्हती.

९५७: बंड की वाटणी?

९५७ मध्ये टेम्सच्या उत्तरेकडचा मुलूख, म्हणजे मर्सिया आणि नॉर्थम्ब्रिया, एडगरकडे गेला. ‘बी’ म्हणतो, ईडविगच्या मूर्खपणाला कंटाळून उत्तरेच्या लोकांनी त्याला सोडले. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्ताच्या, म्हणजे त्या काळच्या वर्षवार नोंदवहीच्या, जुन्या प्रती मात्र राग-लोभ न दाखवता एवढेच नोंदवतात की एडगर मर्सियाचा राजा झाला. एका प्रतीत तर दोघा भावांनी ९५५ मध्येच वेसेक्स (दक्षिणेकडचा मुलूख) आणि मर्सिया वाटून घेतल्याचे लिहिले आहे.

माझा कल वाटणीकडे आहे, पण मनापासून केलेल्या नव्हे, गळ्यात पडलेल्या वाटणीकडे. त्याची कारणे सांगतो. लढाईचा कुठेच उल्लेख नाही. सरदार आणि बिशप नदी पाहून वाटले गेले: ज्याचा मुलूख उत्तरेला तो एडगरकडे, दक्षिणेला तो ईडविगकडे. ईडविगनेच वर्षभरापूर्वी नेमलेला एल्फहेरे एडगरच्या दरबारात पहिल्या रांगेत जाऊन बसला आणि यावर कुणी फितुरीचा आरोप केलेला नाही. सनदांमध्ये ईडविग इंग्लिश लोकांचा राजा राहिला, एडगर मर्सियाचा. नाणी तर वाटणीनंतरही ईडविगच्याच नावाने पडत राहिली, असे नाणेतज्ज्ञांचे मत आहे. बंडखोर गादीवर बसला की आधी स्वतःचे नाणे पाडतो. शिवाय एडगर त्या वर्षी चौदाच्या घरात आला होता, म्हणजे कर्ता समजला जाऊ लागला होता. मर्सियाला वेगळा राजा हवा असणे नवे नव्हते. ९२४ मध्येही वडील वारल्यावर एथेलस्टन मर्सियात आणि त्याचा सावत्र भाऊ एल्फवेअर्ड वेसेक्समध्ये राजा मानला गेला होता. एल्फवेअर्ड पंधरा-सोळा दिवसांतच मेला म्हणून ते प्रकरण तिथेच मिटले.

तरी ईडविगचे नुकसान झालेच. डन्स्टनला एडगरने परत बोलावून बिशप केले. ज्यांना ईडविगच्या दरबारात जागा उरली नव्हती त्यांना आता नदीपलीकडे दुसरा दरबार मिळाला. आजी, मठ आणि संन्यासी एकाच वर्षात अंगावर घेणे ही ईडविगची खरी चूक म्हणता येईल. एकेक करून घेतले असते तर कदाचित निभावले असते.

९५८ मध्ये ओडाने त्याचा आणि एल्फगिफूचा विवाह मोडला, कारण दिले की नाते फार जवळचे आहे. एल्फगिफू बहुधा नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडच्या थोरल्या भावाच्या वंशातली होती आणि ईडविग आल्फ्रेडचा पणतू. चार पिढ्यांमागचे हे नाते चर्चच्या नियमात बसत नव्हते हे खरे. पण मेजवानीच्या दिवशीही ते नाते तेवढेच जवळचे होते, मग दोन वर्षे ओडा कशाची वाट पाहत होता? राजघराण्याच्या दोन शाखा या लग्नाने जुळत होत्या. तिला मुलगा झाला असता तर एडगरचा हक्क संपला असता. तारीख पाहिली की ओडाच्या अचानक जाग्या झालेल्या धर्मबुद्धीचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

ओडा २ जून ९५८ रोजी वारला. ईडविगने त्याच्या जागी विंचेस्टरचा बिशप एल्फसिगे याला नेमले. पोपकडून पदवस्त्र आणायला रोमला निघालेला एल्फसिगे आल्प्सच्या थंडीत गारठून मेला. मग वेल्स गावचा बिशप बिर्तहेल्म नेमला. तेवढ्यात १ ऑक्टोबर ९५९ ला ईडविगच गेला, वय सुमारे एकोणीस. कशाने, याची नोंद नाही. विंचेस्टरच्या न्यू मिन्स्टरमध्ये त्याला पुरले. सगळे राज्य एडगरकडे आले, त्याने बिर्तहेल्मला वेल्सला परत पाठवले आणि कँटरबरीचे आर्चबिशपपद डन्स्टनला दिले.

निकाल कुणी लिहिला

त्याच्या बाजूने बोलणारा त्या शतकात जवळजवळ एकच आहे, सरदार आणि इतिहासकार एथेलवेअर्ड. तो लिहितो की रूपामुळे लोक ईडविगला सर्वांगसुंदर म्हणत, त्याने चार वर्षे राज्य केले आणि तो प्रेमाला पात्र होता. हा एथेलवेअर्ड बहुधा एल्फगिफूचा सख्खा भाऊ. तेव्हा मेहुण्याची साक्षही चिमूटभर मीठ टाकूनच घ्यावी. पुढच्या शतकांत संतचरित्रे एकावर एक लिहिली गेली आणि प्रत्येकात ईडविग थोडा अधिक काळा होत गेला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये वारे उलटे फिरले. संन्याशांवर राग असलेल्या प्रॉटेस्टंट वाचकांना तो आणि त्याची राणी ढोंगी मठवाल्यांनी छळलेले प्रेमी वाटू लागले. दोन्ही बाजूंना गोष्ट तीच हवी होती, मेजवानीची. सनदा कुणी फारशा वाचल्या नाहीत.

एडगरच्या वागण्यातून मात्र बरेच कळते. भावाचे सरदार त्याने कायम ठेवले. विभक्त झालेल्या वहिनीलाही वाळीत टाकले नाही. ९६६ मध्ये तिला जमिनी देताना सनदेत तिला आपली नातलग, प्रतिष्ठित स्त्री म्हटले. तिने मृत्युपत्रात राजाला विंग, लिन्सलेडसह अनेक जमिनी, प्रत्येकी १२० मँकस (तेव्हाचे सोन्याचे वजन) सोन्याची दोन कडी, सहा घोडे, सहा ढाली आणि सहा भाले ठेवले. राणीला गळ्यातला हार ठेवला. ‘बी’च्या गोष्टीतली उनाड पोरगी ती हीच.

कूलिंग आणि ऑस्टरलँडचा निकाल एडगरने आजीच्या बाजूने दिला. गोडाच्या मुलांनी केली ती लूट होती, असे त्याच्या सल्लागारांनी ठरवले. आजीने दोन्ही जमिनी स्वतःच्या हाताने सनदा वेदीवर ठेवून कँटरबरीच्या क्राइस्ट चर्चला दिल्या, आणि त्यातले काही कमी करील त्याला ख्रिस्ताचा शाप लागेल असे लिहून ठेवले. पुढे ९८८ पर्यंत त्या पीठाचा आर्चबिशप डन्स्टन होता. लिओफस्टन आणि लिओफ्रिक यांची बाजू मांडणारा कागद असलाच, तर तो जपून ठेवण्यात त्या दप्तराला काही रस नव्हता.